सामनेवाले नंबर दोन

धीरजलाल कंसारा यांनी उभ्या आयुष्यात एकही सरकारी योजना वाया जाऊ दिली नव्हती! सवलतीतली सौरचूल त्यांच्या गच्चीवर होती. तिच्यात आजवर वाटीभर भात शिजला नव्हता, पण होती. नेत्रशिबिरातला मोफत चष्मा खिशात होता. डोळे ठणठणीत असल्यामुळे तो लावला की त्यांना घेरी यायची, पण होता! वर्तमानपत्रात 'मोफत' किंवा 'माफ' असा शब्द दिसला की धीरजलाल कात्री मागत.

"सरकार पान वाढून बसलंय आणि आपण उपाशी उठायचं?" ते विचारायचे. "मी काय खुळा आहे?"

खीजडपर गावच्या कंसारा शेरीतलं, म्हणजे कासार आळीतलं, राहतं घरसुद्धा त्यांनी सोळा वर्षांपूर्वी बायकोच्या, म्हणजे मुक्ताबेनच्या नावावर घेतलं. प्रेमाबिमाचा काही संबंध नव्हता. बाईच्या नावानं दस्त केला की नोंदणी फी माफ, हे त्यांनी दलालाच्याही आधी हुडकून काढलं होतं. दस्तावर सही करून मुक्ताबेन घरी आल्या आणि त्यांनी खिचडी टाकली. विषय संपला. तेव्हापासून घर धीरजलालचं आणि कागद मुक्ताबेनचा, असं चाललं होतं. तसं त्यांनी बायकोचं नावही त्या दस्तापुरतंच उच्चारलं होतं. एरवी ती 'केतनची बा', म्हणजे केतनची आई. केतन सुरतेला नोकरीला लागून सहा वर्षं झाली, तरी हाक तीच.

या घराच्या ओट्यावर एक झोपाळा होता, आणि सगळं रामायण त्यावरून झालं.

सौराष्ट्रात दुपारी एक ते चार या वेळात जन्म आणि मृत्यू सोडून काही घडत नाही. दुकानं बंद होतात, कुत्रीसुद्धा भुंकायचं चारनंतरवर टाकतात. धीरजलाल आपलं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान बंद करून, जेवून, एकच्या ठोक्याला झोपाळ्यावर आडवे होत. साखळ्या त्यांनी स्वतः ठोकून घडवलेल्या, अस्सल पितळेच्या! एका पायानं ओट्याला रेटा द्यायचा आणि झोप लागेपर्यंत झुलायचं. या तीन तासांसाठी आपण उरलेले एकवीस तास जगतो, असं ते उघड म्हणत.

ओटा मात्र सामाईक. अर्धा त्यांचा, अर्धा शेजारच्या रमणीकभाई राजदेव यांचा. रमणीकभाईंनी नवी स्कूटर घेतली आणि ऊन लागू नये म्हणून ती आपल्या अर्ध्या ओट्यावर चढवली. पहिल्याच दुपारी झोपाळा मागे गेला आणि स्कूटरचा आरसा खळ्कन खाली!

"धीरजभाई, तुमचा झोपाळा माझ्या हद्दीत येतो!" रमणीकभाई गरजले.

"येतो आणि परत जातो! मुक्कामाला तर राहत नाही ना?"

"माझा आरसा फुटला!"

"मग आरशाला सांगा, बघून उभा राहा म्हणावं!"

दुसऱ्या दुपारी दुसरा आरसा गेला. तिसऱ्या दिवशी रमणीकभाईंनी झोपाळ्याच्या वाटेत दगडी कुंडी ठेवली आणि धीरजलालच्या गुडघ्याला टेंगूळ आलं. संतापलेल्या धीरजलालनी हातोडी घेतली आणि दोन घरांच्या मधल्या भिंतीत जे छोटं दार होतं, त्यावर दोन फळ्या आडव्या मारून अकरा खिळे ठोकले!

आता या दाराचा आणि स्कूटरचा काय संबंध? काही नाही. पण रागावलेल्या माणसाच्या हातात हातोडी असली की काहीतरी ठोकावं लागतंच.

ते दार पुरुषांनी कधी वापरलंच नव्हतं. वापरायच्या मुक्ताबेन आणि रमणीकभाईंच्या जशुबेन. सोळा वर्षं त्या दारातून इकडून कढीचं पातेलं जायचं, तिकडून छुंद्याची बरणी यायची. पापड एकीच्या घरी लाटायचे, दुसरीच्या गच्चीवर वाळवायचे. पुढच्या बाजूनं जावं तर झोपाळ्यावर धीरजलाल पहाऱ्याला. दार बंद झालं आणि दोघींचं बोलणंच तुटलं.

"अहो केतनचे बापूजी, तेवढे खिळे काढा," मुक्ताबेन म्हणाल्या.

"तुला कायद्यातलं काही कळत नाही. दार उघडं दिसलं तर आपली बाजू लंगडी पडते."

त्या पाच-सहा वेळा म्हणाल्या. मग म्हणेनाशा झाल्या. हे धीरजलालना विजयासारखं वाटलं.

आता दावा लावायचा एवढंच राहिलं होतं. धीरजलाल कोर्टात गेले, एका वकिलाला गाठलं, त्यांची फी ऐकली आणि "जरा विचार करून येतो" म्हणून पळत बाहेर आले. बाहेर भिंतीवर पाटी होती. तालुका विधी सेवा समिती. मोफत कायदेशीर सल्ला व वकील. आणि खाली बारीक अक्षरांत: महिलांना उत्पन्नाची अट नाही.

धीरजलाल पाटीपुढे देवापुढे उभं राहावं तसे उभे राहिले.

"जग जिंकलं!" घरी येऊन त्यांनी झोपाळ्याला असा रेटा दिला की कुंडी हादरली. "केतनच्या बा! घर कुणाच्या नावावर? तुझ्या! बाईला वकील फुकट! दावा तुझ्या नावानं लावायचा, वकील सरकारचा, डोकं माझं! तो रमणीक पदरचे घालून वकील करेल आणि मी इथं झुलत बसेन!"

"मला काय करावं लागेल?" मुक्ताबेननी विचारलं.

"काही नाही. सही करायची आणि गप्प बसायचं."

"ते येतं मला," मुक्ताबेन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं समितीच्या खोलीत गेले. वकील निघाल्या रिंकलबेन डांगर, वय तिशीच्या आत, पायात बूट, समोर कोरा कागद. धीरजलालनी खुर्ची ओढली आणि घसा खाकरला. "तर प्रकरण असं आहे, बेन..."

"अर्जदार कोण?"

"ही. पण सांगतो मी."

"तुम्ही कोण, काका?"

"मी नवरा!"

"बरं. मग तुम्ही बाहेर बाकावर बसा."

धीरजलालना वाटलं, थट्टा करतेय. पण रिंकलबेननी पेन उचललं आणि दाराकडे बघितलं. कारकून भरतभाईंनी त्यांना दंडाला धरून बाकापर्यंत पोचवलं.

पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. आत बोलायला आहेच काय? 'झोपाळा आमचा, स्कूटर हटवा', संपलं! अर्ध्या तासानं धीरजलालनी खिडकीतून डोकावलं तर त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. केतनची बा हातवारे करून बोलत होती! वकीलबाई भराभर लिहीत होत्या. मधेच दोघी हसल्या. मग मुक्ताबेननी पदरानं डोळे टिपले. मग चहा गेला आत. दोन कप! सव्वा तास झाला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण ही बाई सलग सव्वा तास बोलू शकते याची धीरजलालना कल्पना नव्हती.

"काय सांगितलंस एवढं?" बाहेर पडताच त्यांनी विचारलं.

"वकीलबेन म्हणाल्या, अशील आणि वकील यांच्यातलं बाहेर कुणाला सांगायचं नसतं."

"मी बाहेरचा?"

"आत तर नव्हता ना!"

धीरजलालनी वाटेत गरम गाठिया घेऊन दिले, वर कच्च्या पपईचा परतलेला कीस, म्हणजे संभारो. मुक्ताबेननी गाठिया खाल्ले, संभारो खाल्ला, बोटं पुसली आणि कायदा पाळला! 'चांगलं आहे,' धीरजलालनी मनाची समजूत घातली, 'मुरलेला अशील असाच असावा.'

आठव्या दिवशी भर दुपारी साडेबाराला पोस्टमन समितीचा लिफाफा घेऊन आला आणि त्यानं तो धीरजलालच्याच हातात दिला. बरोबरच आहे, घरचा कर्ता कोण! ही घटना एकट्यानं उपभोगायची नव्हती. त्यांनी शेरीत हाका मारल्या, ताट भरून पेढे मागवले. लोक जमले. रमणीकभाईही आपल्या अर्ध्या ओट्यावर हाताची घडी घालून उभे राहिले. धीरजलाल झोपाळ्यावर उभे राहिले आणि प्रसंगाला शोभावं म्हणून त्यांनी खिशातला मोफत चष्मा लावला.

"ऐका! लोकअदालतीची नोटीस! सामनेवाले नंबर एक," त्यांनी रमणीकभाईंकडे बोट दाखवलं, "रमणीकलाल गोरधनदास राजदेव!"

शेरीत कुजबुज झाली. धीरजलाल पुढची ओळ वाचू लागले, पण चष्म्यानं आपला गुण दाखवला. अक्षरं पोहायला लागली, झोपाळा हलला, घेरी आली आणि ते मटकन खाली बसले. "मास्तर, तुम्ही वाचा," असं म्हणून त्यांनी कागद निवृत्त लाभूमास्तरांकडे दिला. "मोठ्यानं! सगळ्यांना ऐकू द्या!"

मास्तरांनी कागद लांब धरला. "सामनेवाले नंबर दोन..."

"दोन पण आहेत?" धीरजलाल खुशीत ओरडले. "वा! वकीलबाई तयारीच्या आहेत! स्कूटर विकणाऱ्यालाही ओढला वाटतं!"

"सामनेवाले नंबर दोन," मास्तर खणखणीत आवाजात वाचू लागले, चाळीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेला आवाज, "धीरजलाल मोहनलाल कंसारा. राहणार: अर्जदाराच्या घरी."

शेरीत जो हशा उठला! रमणीकभाई तर स्कूटरला धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी, "अर्जदाराच्या घरी! अरे बापरे! अर्जदाराच्या..."

"थांबा, थांबा," मास्तर म्हणाले. "अर्जदारही दोन आहेत. एक, मुक्ताबेन. दोन, जशुबेन रमणीकलाल राजदेव."

रमणीकभाईंचं हसू घशातच अडकलं. त्यांनी घराकडे वळून बघितलं. दारात जशुबेन उभ्या होत्या, हातात कणकेचा गोळा.

"वकीलबेननी बोलावलं होतं मला," त्या म्हणाल्या. "बाईला उत्पन्नाची अट नाही म्हणे."

पेढे तेवढे मास्तरांनी वाटले.

आत जाऊन धीरजलालनी आवाज चढवला. "नवऱ्यावर नोटीस? सोळा वर्षं या घरात..."

"कुणाच्या घरात?" मुक्ताबेननी विचारलं. आवाज शांत होता, हात भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी टम्म फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धावत समितीत गेले. "भरतभाई, मलाही फुकट वकील द्या! माझ्यावर अन्याय झालाय!"

भरतभाईंनी यादी काढली. "बाई आहात?"

"दिसत नाही?"

"विचारावं लागतं. वय अठराच्या आत? नाही. पूरग्रस्त? भूकंपग्रस्त? कोठडीत आहात?"

"घरी गेलो की कोठडीतच!"

"तसली चालत नाही. उत्पन्न मर्यादेच्या आत? दुकान तर दुमजली आहे. नाही बसत, काका. पण सल्ला सगळ्यांना मोफत आहे. बाहेर बाकावर बसा, नंबर आला की बोलावतो."

बाकावर रमणीकभाई आधीच बसले होते.

दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. बाक लहान होता, पाठीला पाठ लागली.

"तुम्हालाही नाही म्हणाले?" अखेर धीरजलालनी भिंतीला विचारलं.

"यादीत बसत नाही," रमणीकभाईंनी समोरच्या झाडाला सांगितलं. मग हळूच पुडी पुढे केली. "गाठिया घ्या. घरी नाश्ता मिळाला का?"

"मिळाला. पण तिच्या घरात तिच्या हातचं खाताना घास उतरत नाही हो."

"माझ्याकडे उलट. घर माझ्या नावावर आहे, म्हणून स्वयंपाकघर माझ्याच ताब्यात दिलंय."

पुडी संपेपर्यंत नंबर एक आणि नंबर दोन यांची युती झाली होती. आत सल्ला द्यायला एक म्हातारे वकील बसले होते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि एकाच वाक्यात सल्ला दिला. "बायका काय मागतात ते द्या आणि घरी जा." फुकटचा सल्ला असाच असायचा, असं ठरवून दोघं बाहेर पडले आणि लढायची तयारी करू लागले.

लोकअदालत कोर्टाच्या आवारात मांडवाखाली भरली. टेबलामागे न्यायाधीश, शेजारी एक समाजसेविका. इकडे रिंकलबेन आणि दोन्ही अर्जदार, तिकडे एका खुर्चीत दीड माणूस बसावा तसे दाटीवाटीनं दोन सामनेवाले.

"झोपाळा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा!" धीरजलाल ताडकन उठले.

"ओटा कुणाचा?"

"तो... कागदोपत्री... तिचा."

"झोपाळा ज्याला टांगलाय ते छत?"

"तिचं."

"मग तुमचं काय आहे यात?"

"साखळ्या, साहेब. साखळ्या मी स्वतः घडवल्यात."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसण्याचं निमित्त केलं. मग ते मुक्ताबेनकडे वळले. "बोला बेन. तुम्हाला स्कूटर हटवून हवी, की झोपाळ्याचं काय?"

"मला स्कूटरचं काही नाही, झोपाळ्याचंही नाही," मुक्ताबेन उभ्या राहिल्या. "मला माझ्या भिंतीतलं दार उघडून हवंय. फाल्गुनात या जशुबेनना ताप होता. तीन दिवस भिंतीपलीकडून खोकला ऐकत होते मी. हे दोघंही आपापल्या कामावर. पेज करून पातेलं हातात धरलं आणि दाराशी गेले, तर खिळे! पुढून जावं तर घरात भांडण होईल. पेज गार झाली, ती गाईला घातली. सोळा वर्षं घर माझ्या नावावर आहे साहेब, आणि मला पातेलंभर पेज शेजारी देता आली नाही. मग ते घर घेऊन मी काय करू?"

जशुबेन रडत होत्या. रमणीकभाई चपलेकडे बघत होते. बायकोला ताप होता, हे त्यांना आत्ता कळलं होतं.

धीरजलालना ते पातेलं आठवलं. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं, गाईला एवढी पेज कशाला घातलीस? मुक्ताबेननी रिकामं पातेलं घासून पालथं घातलं होतं. ते खिळे आपण मोजून अकरा ठोकले, एकेक करून, शाबासकी मिळावी तसे. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांच्याकडे कुठलीच योजना नव्हती.

"खिळे मी काढतो साहेब," ते म्हणाले. "आजच काढतो."

रमणीकभाईंनी स्कूटर खाली घ्यायचं कबूल केलं. समझोता लिहायला घेतला. धीरजलालना हायसं वाटलं. दार काय, उघडेल. झोपाळा तर राहिला!

"आणखी एक कलम आहे," रिंकलबेन म्हणाल्या. "दुपारी एक ते चार अर्जदारांना झोपाळ्यावर बसायला मिळावं. दिवसभरात त्यांना तेवढीच सवड असते."

"एक ते चार?" धीरजलालच्या तोंडून किंकाळीच निघाली. "साहेब, सकाळी घ्या! संध्याकाळी घ्या! वाटलं तर साखळ्या घ्या!"

"ओटा कुणाचा म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

धीरजलालनी सही केली. रमणीकभाईंनी कानात धीर दिला, "घाबरू नका, अपील करू!"

"लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं," साहेब टेबलावरून म्हणाले. कान तिखट होते त्यांचे.

त्या दुपारी अकरा खिळे निघाले. मुक्ताबेन शेजारी उभ्या राहून मोजत होत्या. शेवटचा खिळा वाकडा होऊन अडला तेव्हा पलीकडून जशुबेननी दार ढकललं, धीरजलाल हातोडीसकट बाजूला झाले, आणि दोघी बायका उंबऱ्यावरच गळ्यात पडल्या. मग एक वाजला होता म्हणून दोघी झोपाळ्याकडे गेल्या.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण रिंकलबेननी मुक्ताबेनमध्ये काहीतरी हेरलं होतं. महिन्याभरात त्यांनी मुक्ताबेनना प्रशिक्षण देऊन समितीच्या स्वयंसेविका केलं, पदरावर लावायला बिल्ला दिला. शेरीतल्या बायका दुपारी अर्ज घेऊन येऊ लागल्या. कुणाचं निवृत्तिवेतन अडलेलं, कुणाकडे भावानं हक्क सोडायची सही मागितलेली. मुक्ताबेन झोपाळ्यावर, जशुबेन शेजारी बसून कागद लावणार. बायकांना टेकायला बाक हवा म्हणून रमणीकभाईंनी स्कूटरच्या जागी एक बाक टाकला.

एके दुपारी दीड वाजता धीरजलाल दुकानातून परत आले. आत खाटेवर झोप लागत नव्हती, निवाड्यापासून लागत नव्हती. बराच वेळ ते दाराशी घुटमळले. मग त्यांनी घसा खाकरला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या नावानं हाक मारली.

"मुक्ताबेन."

झोपाळा थांबला. शेरीतल्या चार बायकांनी माना वर केल्या. मुक्ताबेन लाजल्या, अगदी कानापर्यंत.

"एक सल्ला हवा होता," धीरजलाल हळूच म्हणाले. "म्हणजे... त्या एक ते चारच्या कलमातून काही वाट निघते का? निदान अर्धा तास?"

मुक्ताबेननी पदर सारखा केला. बिल्ला सारखा केला.

"सल्ला सगळ्यांना मोफत आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी बाहेर बाकावर बसा. नंबर आला की बोलावते."

धीरजलाल बाकाकडे गेले. रमणीकभाईंनी सरकून जागा दिली. ते साडेबारापासून बसले होते आणि त्यांचा नंबर सहावा होता.